वल्हं कुणाच्या हातात

“पुरात काहिलीतलं वल्हं कुणाच्या हातात होतं?”

हा प्रश्न मी विचारायचा, अशी पैज होती. लावली ऋतुजानं, वाढवली अल्फियानं. जागा शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळची, वेळ मधल्या सुट्टीची, आणि मी म्हणजे नववी ब ची सन्मती मगदूम, पंधराच दिवसांपूर्वी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली. त्या ढालीनं माझं डोकं फिरवलं होतं. रस्त्यानं जाताना वाटायचं, गाव माझ्याकडं बघतंय. वेणीचीसुद्धा मी पद्धत बदलली होती.

“स्पर्धेत काय, पाठ केलेलं म्हणायचं,” ऋतुजा म्हणाली. “शनिवारी सगळ्या गावासमोर दोन्ही उमेदवारांना विचारून दाखव. त्यात एक तुझा बाप हाय, म्हणून तर मजा.”

“हिची टरकली,” अल्फिया म्हणाली.

“टरकायला काय झालं? विचारते की.”

“काय विचारशील? गटारीचं?”

“गटारीचं कुणीपण विचारंल,” ऋतुजा म्हणाली. “वल्ह्याचं विचार. एकदा कळू दे तरी. आमच्या घरात रोज त्यावरनं भांडणं. आजोबा म्हणत्यात रंगातात्या वल्हवत होते, बाबा म्हणत्यात भूपालआप्पा. काल जेवणाचं ताट सरकवलं आजोबांनी.”

मी लगेच हो म्हणाले. कारण उत्तर मला माहीत होतं. त्या दोघींना ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत नव्हतं.

आता बारावीला आहे मी. त्या मधल्या सुट्टीला तीन वर्षं झाली.

आमचं शिरढवणे वारणेच्या काठावर. गावात सगळं दोन-दोन. दोन दूध संस्था, दोन तालमी, दोन गणपती, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी दोन गट. एक माझ्या वडिलांचा, म्हणजे भूपाल मगदूमांचा. गाव त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून मीही. दुसरा रंगराव शिंगट्यांचा, म्हणजे रंगातात्यांचा. सकाळी कुणाच्या हातातली दुधाची किटली कुठल्या संस्थेकडं वळते एवढं बघितलं, की त्या घरातली मतं कुणाची हे कळायचं. या गटाचा माणूस त्या गटाच्या दारात चहासुद्धा घ्यायचा नाही. आप्पा सरपंचपदाला दोनदा उभे राहिले होते आणि दोन्हीदा तात्यांकडून पडले होते. ही तिसरी वेळ. “आता पडलो तर दूध घालायचं आणि गप बसायचं,” असं ते आईला म्हणाले होते.

पण त्याआधी ऑगस्टमध्ये पूर आला. खालची कुंभार गल्ली आणि मुजावर गल्ली पाण्यात गेली. सरकारी बोटी मोठ्या गावांकडं वळल्या होत्या, आमच्याकडं दोन दिवस एकही आली नाही. मग आप्पांनी गुऱ्हाळातली काहील बाहेर काढली. काहील म्हणजे रस उकळून गूळ करायची लोखंडी कढई, एवढी मोठी की सात-आठ माणसं आत बसतात. ती पाण्यावर तरंगते, पण एकटी असली की भोवऱ्यासारखी जागीच फिरते. आप्पा तासभर फिरत राहिले. काठावरची माणसं पूर विसरून हसत होती.

मग रंगातात्या आले. मागून ट्रॅक्टरवर त्यांची काहील.

“भूपाल,” ते म्हणाले, “तुझी एकटी फिरती, माझीबी एकटी फिरती. बांध दोन्ही.”

पाच वर्षांत त्यांनी आप्पांना मारलेली ती पहिली हाक. आप्पांनी दोर टाकला. दोन काहिली शेजारी शेजारी ठेवून त्यावर आडवे बांबू आवळले, आणि गूळ ढवळायचं लांब लाकडी फावडं घेऊन त्याचं वल्हं केलं. दोन दिवसांत त्या जोडकाहिलीतून दोन्ही गल्ल्या शाळेत आल्या. शाळेत आई आणि तात्यांच्या घरच्या काकू एका चुलीवर भात करत होत्या. दोन्ही दूध संस्थांचं दूध एका पातेल्यात ओतलं जात होतं, आणि ते बघायला म्हाताऱ्या उगीच दोन-दोनदा येत होत्या.

गावातलं एकच माणूस गेलं. श्रीपती कुंभार. “आधी लेकराबाळांस्नी न्या, मी माळ्यावर बसतो,” असं म्हणून ते मागं राहिले होते. त्यांच्यासाठी शेवटची फेरी निघाली तेव्हा दिवस मावळत होता आणि पाऊस कोसळत होता. शाळेच्या गच्चीवरून सगळ्यांनी बघितलं. काहील कुंभार गल्लीच्या तोंडाशी लिंबाच्या झाडापर्यंत गेली, आणि तिथून परत वळली. माणसं ओळखू येत नव्हती, फक्त बॅटरीचा उजेड दिसत होता. तो हलला आणि विझला. काहील पुन्हा गेली तोवर त्यांच्या घराची भिंत बसली होती.

“ओढ लई हुती,” आप्पा म्हणाले. तात्याही तेच म्हणाले. त्यानंतर पुराचं काहीही विचारलं, चांगलं किंवा वाईट, की दोघांचं उत्तर एकच. “आमी दोघं हुतो.” कुणी वाचवलं? आमी दोघं. कुणाची आयडिया? आमी दोघं. पत्रकार आला, त्यालाही तेच. श्रीपतीआजोबांचा मुलगा महादेव, त्यानं दहाव्याच्या दिवशी विचारलं, “परत कुणी वळीवली?” त्यालाही तेच.

डिसेंबरात निवडणूक लागली आणि दोन्ही गटांची पंचाईत झाली. दोघं नेते पारावर एका बाकड्यावर बसून चहा प्यायचे. एकमेकांना शिव्या देता येईनात. “ह्या दोघांनी इलेक्शनची चवच घालवली,” असं आमच्याच घरात बसून आमचेच कार्यकर्ते म्हणायचे. बिनविरोध करा असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा दोन्ही तालमींतली पोरं अंगावर धावून गेली. शेवटी दोन्ही बाजूंचे बॅनर लागले. फोटो तोच एक, पुरात गच्चीवरून काढलेला आणि तेव्हापासून गावभर फिरलेला. पाणी, काहिली, दोन काळे ठिपके. दोन्ही बॅनरवर एकच वाक्य, आम्ही होतो म्हणून. कुठला ठिपका कुणाचा, यावर गावात चार महिने वाद चालला होता. कुंभार गल्ली पिढ्यानपिढ्या तात्यांच्या संस्थेला दूध घालणारी. पण त्या वर्षी ती काहीच बोलत नव्हती. कुंभार जिकडं, सरपंच तिकडं, असं पारावर म्हणत होते.

आणि मला उत्तर माहीत होतं, कारण त्या शेवटच्या फेरीला मी काहिलीत होते.

मी हट्ट केला होता. “बॅटरी धरायला कुणीतरी पाहिजे की, मी हलकी आहे,” असं म्हणून आत उडी मारली होती. घरातली मोठी बॅटरी माझ्या हातात होती. परत आल्यावर आप्पांनी मला शाळेच्या मागच्या दारानं आत घातलं. “आईला सांगू नगंस काहिलीत हुतीस म्हणून. रागवंल,” म्हणाले. मी सांगितलं नाही. आई नंतर कित्येक दिवस बॅटरी शोधत होती, तरीही सांगितलं नाही. त्या फेरीचं मला सगळं आठवायचं, पण सिनेमाचा आवाज बंद केल्यासारखं. बॅटरीच्या उजेडात पावसाच्या तारा. काठावरून आत आलेलं पाणी. तात्यांनी मला पाठीमागून दोन्ही हातांनी आवळून धरलेलं, त्यांच्या घोंगड्याला तंबाखूचा वास. आणि पुढं आप्पांची पाठ, वल्हं मारताना हलणारी.

तात्यांचे दोन्ही हात माझ्याभोवती होते. मग वल्हं कुणाच्या हातात? एवढं गणित तर मला येत होतं. मी विचारणार, उत्तर येणार, गाव टाळ्या वाजवणार आणि आप्पा निवडून येणार. पैजेच्या नावाखाली मी आप्पांचा प्रचार करणार होते. ऋतुजाला हे कळलं असतं तर तिनं मला टाकीत बुडवलं असतं.

शनिवारी शाळेच्या पटांगणात सभा झाली. हेरवाडे सरांनी तिला “उमेदवार आपल्या भेटीला” असं नाव दिलं होतं. एका सतरंजीवर दोन्ही गट, मध्ये फूटभर जागा सोडून. स्टेजवर आप्पा, तात्या आणि मध्ये सर, घाम पुसत. आधी एसटीचा प्रश्न झाला, मग शाळेच्या मुताऱ्यांचा, मग गटारीचा. दोघांनीही करतो म्हणून सांगितलं.

“अजून कुणी?” सर म्हणाले.

अल्फियानं कोपर मारलं. मी उभी राहिले. माईक हातात घेतला, स्पर्धेत घेतात तसा, तोंडापासून चार बोटं लांब.

“मी सन्मती भूपाल मगदूम, इयत्ता नववी ब. माझा प्रश्न दोन्ही उमेदवारांना आहे. पुरात शेवटच्या फेरीला काहिलीतलं वल्हं कुणाच्या हातात होतं?”

शेवटच्या फेरीला हे शब्द पैजेत नव्हते. ते मी घातले. नेमकेपणा असावा, असं परीक्षकांनी सांगितलं होतं.

आधी हशा पिकला. मग ज्या बाजूला कुंभार गल्ली बसली होती तिथून तो थांबायला लागला आणि सगळ्या पटांगणात थांबला. आप्पांच्या तोंडाकडं मी बघितलं. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, जणू मी कुणा दुसऱ्याचीच मुलगी आहे. “आमी दोघं” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं असावं.

तात्यांनी सरांच्या हातातला माईक घेतला. माझ्याकडं बघितलं.

“माझ्या,” ते म्हणाले.

मला वाटलं, चोरी झाली. सरळ सरळ आमच्या घरातली वस्तू कुणीतरी उचलली.

“खोटं बोलताय तु...” मी म्हणाले.

“सन्मती,” स्टेजवरून आप्पा म्हणाले. “खाली बस.”

मी बसले. माझ्यामागं कुणीतरी उठलं. महादेवदादा होता. त्यानं माईक मागितला नाही. तो हळूच बोलला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“म्हंजे आमच्या दारातनं परत तुमी वळीवली, तात्या?”

“व्हय.”

“तुमी?”

“व्हय म्हनलं की, महादेवा.”

महादेवदादानं मान हलवली, दुकानात सुटे पैसे मोजून घेतल्यावर हलवतात तशी. चप्पल शोधली आणि तो निघून गेला. त्याच्या मागं कुंभार गल्ली उठली, एकेक करून, कपडे झटकत. हेरवाडे सरांनी आभार मानले. काय मानले ते कुणी ऐकलं नाही.

“तू जिंकलीस,” अल्फिया म्हणाली. पैजेचे दोन वडापाव ऋतुजानं दिले. मी खाल्ले. चव लागली नाही, पण संपवले.

कोणी वल्हवलं हा प्रश्न चार महिने गाव गंमत म्हणून विचारत होतं. पण कुंभार गल्लीसाठी त्याचा अर्थ एकच होता, आणि तो मला आत्ता कळला होता. ज्याच्या हातात वल्हं, त्यानं वळवली. आणि आप्पांनी तात्यांना ते स्वतःवर घेऊ दिलं होतं.

संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, “आप्पा, तात्यांनी असं का सांगितलं?”

“जेव.”

“पण वल्हं तर तुमच्या...”

“सन्मती, जेव म्हनलं न्हवं.”

आईनं दोघांकडं बघितलं. “काय चाललंय बापलेकीचं?”

“काय न्हाई. आमटी वाढ,” आप्पा म्हणाले. वाढलेली आमटी त्यांनी तशीच ठेवली.

मतदान झालं. मंगळवारी मोजणी. दुपारी फटाक्यांच्या आवाजावरूनच कळलं. आप्पा एकोणीस मतांनी आले होते. त्या दिवशी सकाळी कुंभार गल्लीतल्या अकरा किटल्या पहिल्यांदा आमच्या दूध संस्थेत आल्या होत्या. मी मोजल्या नव्हत्या, आमचे कार्यकर्ते मोठ्यानं मोजत होते.

मिरवणूक वेशीवर पोचली तेव्हा मी मागच्या वाटेनं तात्यांच्या गुऱ्हाळावर गेले. आनंद झाला नव्हता. वाईटही वाटत नव्हतं. पाय बधिर झाल्यावर तो आपला नसल्यासारखा वाटतो, तशी मी सगळीच होते.

गुऱ्हाळ चालू होतं. हंगामच तो. तात्या भट्टीजवळ उभे, काहिलीत रस उकळत होता आणि त्यांच्या हातात लांब फावडं होतं. काहिलीच्या काठाला एका बाजूनं पोचा आला होता. पुरात लिंबाला आपटली होती, तेव्हाचा.

“या, सरपंचाच्या लेकी,” ते म्हणाले. “गुलाल न्हाई लावलास?”

“तात्या, वल्हं आप्पांच्या हातात होतं.”

“हळू बोल. गडी हाईत.”

“तुम्ही मला धरलं होतं. दोन्ही हातांनी. मला आठवतंय.”

“बरं हाय की मग.” त्यांनी आधी उतरवलेल्या गुळातला गरम गूळ वाटीनं काढून माझ्या हातावर ठेवला. “खा. ताजा हाय.”

“तुम्ही खोटं का बोललात?”

तात्यांनी दोनदा फावडं फिरवलं. मळी काठाला आली, ती त्यांनी बाजूला काढली.

“तू इचारलंस म्हनून,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुनी इचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. सोडतो व्हय मी इलेक्शन?”

“म्हणजे?”

“मी भूपालचं नाव घेटलं असतं, तर महादेवानं त्याला इचारलं असतं, का वळीवली म्हनून. तुझा बाप खोटं बोलायला कच्चा हाय. दुसऱ्या सवालाला तुझं नाव आलं असतं, आन् तू तितंच समद्यांसमोर माईक घेऊन उभी.”

“माझं?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की मला ठाऊक नाही. फावडं थांबलं.

“पोरी, तुला आठवत न्हाई?”

“पाणी आत आलं ते आठवतंय.”

“पानी आत आलं. मी म्हनलं भूपाल, हान पुढं, वीस हात ऱ्हायलंय, म्हातारा हात करतोय. त्यानं हानलं बी. तेवढ्यात तू वराडलीस. परत चला म्हनून. आप्पा परत चला, आप्पा परत चला. बॅटरी टाकलीस पान्यात आन् दोनी हातांनी मला धरून वराडत ऱ्हायलीस. मग तुझ्या बापानं वळीवली. कुनीबी वळीवली असती. मीबी.”

त्या सिनेमाला तेव्हा आवाज आला. माझाच होता. पाऊस, पाणी, आणि बारीक, किरकिरा, स्पर्धेत ज्याला पहिला नंबर मिळाला तोच आवाज.

“हात बघ की,” तात्या म्हणाले.

गरम गूळ तळहाताला चिकटला होता आणि खालची कातडी लाल झाली होती. मला कळलंच नव्हतं. त्यांनी माझा हात धरून पाण्याच्या बादलीत घातला आणि धरून ठेवला.

“कुनाला सांगू नगंस,” ते म्हणाले. “श्रीपा गेला. मी पडलो. दोन गोष्टी झाल्या, तिसरी नगं. आमी दोघांनी त्याच दिवशी ठरीवलं हुतं, पोरीचं नाव येऊ द्यायचं न्हाई. चार म्हैनं निभावलं की. तूच माईक घेऊन उभारलीस, त्याला कोन काय करनार?” आणि ते हसले. खरंच हसले. मला हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आले तेव्हा अंगणात माणसं होती, हलगी वाजत होती, पेढ्यांचा बॉक्स फिरत होता. आप्पा आत स्वयंपाकघरात एकटेच पाटावर बसले होते, कानापर्यंत गुलाल, पाणी पीत. आई ओवाळायचं ताट लावत होती.

“कुठं होतीस गं? सगळं गाव येऊन गेलं,” आई म्हणाली. मग हाताकडं बघून, “हे काय? कशानं भाजलं?”

“आई, आपली मोठी बॅटरी हरवली नाही.”

“कुठली बॅटरी? आता हे काय मध्येच?”

“पुरात माझ्या हातातनं पडली. शेवटच्या फेरीला मी काहिलीत होते.”

आईनं ताट ओट्यावर ठेवलं. आप्पांकडं बघितलं. आप्पांनी तांब्या खाली ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला.

“तात्याकडं गेलतीस,” ते म्हणाले.

“हो.”

“मी सांगनार हुतो, सन्मती. महादेवाला. इलेक्शन झाल्यावर.”

“झालं की.”

बाहेरून कुणीतरी हाक मारली, “सरपंच, या की भाईर, फोटो काढायचाय.” आप्पा उठले नाहीत. आई त्यांच्याकडंच बघत उभी होती, हातात काडेपेटी तशीच. मी दारातली चप्पल पायात घातली. स्पर्धेत उभी राहते तसं ताठ उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तशीच उभी राहिले. दुसरं येतच नव्हतं.

“आप्पा, वल्हं कुणाच्या हातात होतं ते तुम्ही सांगा, नाहीतर सांगू नका. ते तुमचं. मी आत्ता कुंभार गल्लीत चालले आहे. बॅटरी माझ्या हातात होती आणि परत चला म्हणून मी ओरडले, एवढं मी महादेवदादाला सांगणार आहे.”